लवकरच सुरू होणाऱ्या वैद्यकीय चाचणीची माहिती सोप्या मराठीत कशी सांगावी

आजाराचे नाव घालून शोध घेतला की लवकरच सुरू होणाऱ्या औषधचाचण्यांच्या नोंदी सहज सापडतात. अवघड असते ते त्या नोंदीतून काय कळले हे घरातल्या रुग्णाला, रुग्णगटातल्या सोबत्यांना किंवा वाचकांना सरळ शब्दांत सांगणे. नोंद लिहितात संशोधक, आणि तीही मुख्यतः इतर संशोधकांसाठी व परवानगी देणाऱ्या यंत्रणांसाठी. त्यामुळे तिच्यातले शब्द मराठीत आणून भागत नाही, तिच्यातला विचार मराठीत आणावा लागतो.

क्रियापदांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. लवकरच सुरू होणारी चाचणी म्हणजे ज्याचे उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही असा प्रश्न असतो, आणि तो प्रश्नच राहील याची काळजी क्रियापदाने घ्यायची असते. ‘या गोळीने गुडघेदुखी कमी होते’ असे लिहिले की प्रश्न संपतो. ‘कमी होईल’ असे लिहिले की आश्वासन होते. ‘कमी होते का, हे पाहिले जाणार आहे’ असे लिहिले तरच वाक्य खरे राहते. याच कारणासाठी ‘आशादायक’, ‘अत्याधुनिक’ आणि ‘प्रभावी’ ही विशेषणे गाळावीत. ‘उपचार’ हा शब्दही जपून वापरावा. दवाखान्यात डॉक्टर समोरच्या एका रुग्णाचे भले पाहून औषध ठरवतात. चाचणीत कोणाला काय द्यायचे हे आधी लिहून ठेवलेल्या आराखड्यानुसार ठरते आणि मिळणारे उत्तर पुढच्या रुग्णांच्या उपयोगी पडते. हा फरक समजला नाही तर बाकीची माहिती कितीही सोपी केली तरी चुकीचीच समजली जाते.

‘चाचणी’ हा शब्द मराठी कानाला रक्ताची किंवा लघवीची तपासणी वाटतो, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘औषधाची माणसांवर घेतली जाणारी चाचणी’ असे पूर्ण लिहावे. ‘म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार का?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याला बगल देऊ नये. हो, हा प्रयोग असतो. अशा भीतीला इतिहास आहे: अमेरिकेतल्या टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश (सिफिलिस) झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा आजार सांगितला गेला नाही आणि त्यावरचे पेनिसिलिन हे औषध उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाही. माणसाच्या संमतीवाचून प्रयोग करू नये हे माणसांवरील संशोधनाचे नियम सांगणाऱ्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिले गेले होते, तरीही हे चालू राहिले. २०२४ मध्ये त्या जाहीरनाम्याची जी सुधारित आवृत्ती आली, तिच्यात ज्याच्यावर संशोधन होते त्या माणसाला ‘सहभागी’ म्हणण्याचा शब्दबदल झाला. आपणही मराठीत ‘सहभागी’च लिहावे.

नोंद शोधणे

बातमीवरून लिहू नये. मूळ नोंदीपर्यंत जावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही २००० पासून सर्वांना खुली आहे. तिच्यातल्या प्रत्येक चाचणीला ‘एनसीटी’ ही अक्षरे आणि पुढे आठ अंक असा क्रमांक असतो. अनेक देशांच्या स्वतःच्या नोंदवह्या आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर त्या एकत्र शोधता येतात. हा क्रमांक आपल्या लेखनात अवश्य द्यावा, म्हणजे वाचकाला स्वतः पडताळून पाहता येते.

चाचणी सुरू होण्याआधीच ती नोंदवायची ही पद्धत रुळण्याला एक कारण घडले. प्रतिकूल निष्कर्ष आलेल्या चाचण्या प्रसिद्धच होत नसत, किंवा निष्कर्ष हाती आल्यावर सोयीचा प्रश्न मागाहून ठरवला जात असे. म्हणून प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००४ मध्ये जाहीर केले की, पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी नोंदवलेली नसेल ती चाचणी आम्ही छापणार नाही. जुलै २००५ पासून ती अट लागू झाली. काय मोजणार हे आधी लिहून ठेवणे हा संशोधकाने जगाला दिलेला शब्द आहे, आणि आपण जी नोंद वाचतो ती त्या शब्दाची नोंद असते.

शीर्षकाचा प्रश्न करणे

समजा, शीर्षक असे आहे: ‘मध्यम ते तीव्र गुडघ्याच्या संधिवातात अमुक गोळीची परिणामकारकता व सुरक्षितता तपासणारी यादृच्छिक, दुहेरी अंध, प्लासिबो-नियंत्रित, बहुकेंद्री, तिसऱ्या टप्प्याची चाचणी’. हे एका वाक्यात सोपे करण्याचा हट्ट धरू नये. आधी प्रश्न वेगळा काढावा आणि मग पद्धत सांगावी. ‘गुडघ्याच्या संधिवाताने बरेच दुखत असलेल्या लोकांना ही गोळी घेतल्यावर, नुसती दिसायला तशी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी दुखते का, आणि ती घेतल्याने काही अपाय होतो का, हे या चाचणीत पाहिले जाणार आहे. कोणाला कोणती गोळी मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणाच्याही इच्छेवर न ठेवता ठरेल. ते रुग्णालाही ठाऊक नसेल आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसेल. चाचणी एकाच वेळी अनेक रुग्णालयांत होईल.’ मजकूर तिप्पट झाला तरी चालेल. सोपे म्हणजे थोडके नव्हे.

‘टप्पा’ या शब्दाशेजारी त्याचा अर्थ लगेच सांगावा. पहिल्या टप्प्यात साधारणपणे २० ते १०० लोकांना औषध देऊन ते शरीराला किती मात्रेपर्यंत सोसते हे पाहतात. दुसऱ्यात काही शे रुग्णांमध्ये त्याचा उपयोग दिसतो का आणि कोणती मात्रा योग्य हे पाहतात. तिसऱ्यात साधारण ३०० ते ३,००० रुग्णांमध्ये तुलना करून खात्री केली जाते. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. तिसरा टप्पा म्हणजे ‘आता जवळजवळ झालेच’ असा समज सर्वत्र आढळतो. पण अमेरिकेचे औषध प्रशासन सांगते की, तिसऱ्या टप्प्यात आलेल्या औषधांपैकी सुमारे २५ ते ३० टक्केच पुढे सरकतात. पहिल्या टप्प्याबद्दल लिहिताना धोका सौम्य करून लिहू नये. लंडनमध्ये २००६ साली टीजीएन१४१२ या औषधाच्या पहिल्या मानवी चाचणीत ज्या सहा निरोगी तरुणांना औषध मिळाले, त्या सहाही जणांचे अनेक अवयव निकामी होऊ लागले आणि त्यांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. सर्वांना काही मिनिटांच्या अंतराने औषध दिले होते. ते वाचले, आणि त्यानंतर पहिल्या मानवी चाचण्यांत आधी एकाला औषध देऊन थांबायचे, ही दक्षता पुष्कळ काटेकोर झाली. नोंदीत अशी दक्षता लिहिलेली दिसली तर ती वाचकाला जरूर सांगावी.

चिठ्ठी आणि तुलनागट

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो इथे, कारण सर्वांत अधिक दुखावले जाते ते इथेच. ‘मला औषध न देता नुसती गोळी देणार?’ असे रुग्ण विचारतो तेव्हा त्याला फसवणुकीचा वास आलेला असतो. ‘यादृच्छिक’ आणि ‘नियंत्रित गट’ हे शब्द त्याच्या काही कामाचे नाहीत. ‘नियंत्रित’ म्हटल्यावर तर कोणाला तरी ताब्यात ठेवल्यासारखे वाटते. ‘तुलनेसाठीचा गट’ म्हणावे, आणि तुलना का लागते हे एखाद्या खऱ्या चाचणीवरून सांगावे.

ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरील चाचणी यासाठी उत्तम आहे. औषध फार थोडे उपलब्ध होते, सर्वांना पुरणारच नव्हते. १०७ रुग्णांपैकी कोणाला ते मिळणार हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरले. ५५ जणांना अंथरुणावरील विश्रांतीबरोबर औषध मिळाले आणि ५२ जणांना केवळ विश्रांती, जी त्या काळची नेहमीची पद्धत होती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ आणि दुसऱ्या गटातले १४ जण दगावले. आता पाहा: केवळ विश्रांतीवरही अनेक जण जगले. तुलना नसती तर, औषध घेऊन जगलेल्या प्रत्येकाचे श्रेय औषधाला गेले असते, आणि औषध निरुपयोगी असते तरी गेलेच असते. डॉक्टरांनी स्वतः निवड केली असती, तर कदाचित धडधाकट रुग्णांनाच औषध मिळाले असते आणि त्यांच्या धडधाकटपणाचे श्रेय औषधाने खाल्ले असते. मात्र तुलनागटातल्या त्या रुग्णांना आपण अशा गटात आहोत हे सांगितलेले नव्हते. आज तसे करता येत नाही: चिठ्ठी टाकली जाणार आहे हे सहभागी व्यक्तीला आधी सांगून तिची संमती घ्यावी लागते.

तुलनागटाला काय मिळणार हे नोंदीत शोधून लिहावे, कारण प्रत्येक वेळी ती औषध नसलेली गोळीच असते असे नाही. पुष्कळदा तुलनागटाला सध्याचे प्रचलित औषध मिळते, किंवा दोन्ही गटांना प्रचलित औषध चालू ठेवून एका गटाला नवे आणि दुसऱ्याला नुसती गोळी दिली जाते. गंभीर आजारात हा फरक रुग्णाच्या निर्णयाचा कणा असतो.

काय मोजणार

नोंदीत ‘प्रमुख निष्पत्ती’ असा रकाना असतो, म्हणजे चाचणीत मुख्यतः काय मोजले जाणार ते. बहुतेक जण तो ओलांडून पुढे जातात. मी आधी तोच वाचतो. रुग्णाला ज्याची पर्वा आहे ते मोजले जाणार आहे, की त्याच्या जागी सोयीचे दुसरे काही? रक्तातला एखादा आकडा सुधारला म्हणजे माणूस अधिक जगतो किंवा बरा चालू-फिरू लागतो, असे नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये हृदयाचे जादा ठोके पडतात आणि अशांना मृत्यूचा धोका अधिक असतो, म्हणून ते ठोके दाबणारी औषधे त्यांना दिली जात. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ठोके खरोखरच कमी होत. ‘कास्ट’ या चाचणीने मृत्यू मोजले, तेव्हा १९८९ मध्ये दिसले की ही औषधे घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते, आणि त्या औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. म्हणून ‘या चाचणीत कर्करोगाच्या गाठीचा आकार मोजला जाणार आहे, रुग्ण किती काळ जगतात हे मुख्यतः मोजले जाणार नाही’ असे दोन्ही बाजूंनी स्पष्ट लिहावे. किती आठवड्यांनी मोजणार, हेही लिहावे: बारा आठवड्यांची चाचणी वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळीविषयी फार थोडे सांगते.

आधीच्या टप्प्यांतले आकडे द्यायचे असतील तर टक्क्यांऐवजी माणसे मोजावीत. ‘धोका निम्मा झाला’ हे वाक्य १०० पैकी ४० चे २० झाले तरी खरे असते आणि १,००० पैकी २ चा १ झाला तरी खरे असते. अपायही त्याच मापाने सांगावेत. फायदा माणसांत आणि अपाय टक्क्यांत असा घोळ करू नये.

पात्रतेच्या अटी थोडक्यात सांगाव्यात: वय, आजाराची अवस्था, आधी घेतलेली औषधे, गर्भधारणा, मूत्रपिंड व यकृताची स्थिती. अट बसत नाही म्हणजे रुग्णात काही उणे आहे असे नव्हे, हे एक वाक्य मात्र घालावे. नकार मिळालेली माणसे फार खचतात.

संमतीपूर्वी विचारायचे प्रश्न

नोंदीत न सापडणारी माहिती रुग्णाने चाचणीच्या डॉक्टरांना विचारायची असते आणि त्यासाठीचे प्रश्न आपण लिहून द्यावेत. मी भाग घेतला नाही तर मला कोणते उपचार मिळतील? किती वेळा यावे लागेल, किती वेळा रक्त घेतले जाईल आणि प्रवासाचा खर्च कोण देईल? सध्याची औषधे थांबवावी लागतील का? अपाय झाल्यास उपचार आणि भरपाई कोणाकडे? गुण आला तर चाचणी संपल्यावरही औषध मिळेल का? मध्येच सोडता येईल का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, केव्हाही, कारण न देता, आणि नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम न होता’ असेच असायला हवे. ते अडखळत आले तर सही करू नये. संमतिपत्र घरी नेऊन, कोणाबरोबर तरी बसून वाचावे.

लिहून झाल्यावर मजकूर एखाद्या व्यक्तीला वाचून दाखवावा आणि ‘समजले का?’ असे न विचारता ‘यात काय होणार आहे, ते मला सांगा’ असे म्हणावे. ‘नवे औषध मिळणार आहे’ असे उत्तर आले, तर चिठ्ठीचा आणि तुलनागटाचा भाग पुन्हा लिहावा.

शेवटी नोंदीतली स्थिती पाहावी. ‘अद्याप भरती सुरू नाही’ हे असंख्य वाचकांना ‘भरती सुरू आहे’ असे वाटते, आणि दिलेली सुरुवातीची तारीख अनेकदा केवळ अंदाजे असते. एकही सहभागी दाखल होण्याआधी चाचणी मागेही घेतली जाते. म्हणून मजकुराच्या वरच नोंद कोणत्या तारखेला पाहिली हे लिहावे, आणि मजकूर कोणाच्या हाती देण्यापूर्वी त्याच क्रमांकाची नोंद पुन्हा उघडून स्थिती, तारीख आणि प्रमुख निष्पत्ती या तीन रकान्यांत काही बदलले आहे का, ते ताडून पाहावे.