रोबॉट्स फाईलमध्ये बंदी घातली, तरी पान गूगलवर? या चुका टाळा

डिसेंबरचा ऐन हंगाम. फोंड्याजवळच्या एका होमस्टेच्या मालकांचा सकाळी सकाळी फोन : "अरे, एजंटांचा दर गिऱ्हाइकाच्या हातात कसा रे गेला?" गूगलवर होमस्टेचं नाव टाकून पाहिलं, तर दरपत्रकाच्या पीडीएफची लिंक समोर. खाली वर्णन नाही, फक्त 'माहिती उपलब्ध नाही' अशी ओळ. पण क्लिक केलं की दर उघडे!

चूक माझीच, साइट मी सांभाळतो. रोबॉट्स डॉट टीएक्सटी म्हणजे सर्च इंजिनांच्या बॉट्सना (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅम्सना) सूचना देणारी साइटवरची फाईल. तीत त्या फोल्डरला 'डिसअलाऊ' लावून मी निवांत होतो. डिसअलाऊ म्हणजे 'आत येऊन वाचू नकोस', 'यादीत घेऊ नकोस' नव्हे. दुसऱ्या कुठल्या पानावर लिंक असली, की गूगल न वाचताच पत्ता दाखवू शकतं. एका एजंटाने ती आपल्या साइटवर लावली होती.

घाईत मी दुसरी चूक केली : डिसअलाऊ तसंच ठेवून नोइंडेक्स, म्हणजे 'यादीत घेऊ नकोस' ही सूचना, जोडलं. दार बंद, आणि पाटी आतल्या भिंतीवर! बॉट आत आल्याशिवाय नोइंडेक्स वाचणार कसा? आधी डिसअलाऊ काढावं लागतं. नोइंडेक्स एरवी पानाच्या कोडमध्ये, मेटा टॅगमध्ये लिहितात. पीडीएफमध्ये तो बसत नाही, तिथे सर्व्हरकडून फाईलसोबत 'एक्स-रोबॉट्स-टॅग' हेडर (वाचकाला न दिसणारी सूचना) पाठवायचा. आणि नोइंडेक्स रोबॉट्स फाईलमध्येच लिहिणारे अजून भेटतात. गूगलने ते १ सप्टेंबर २०१९ पासून मानणं सोडलंय.

खरं तर दरपत्रकाला पासवर्डच हवा होता. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली रोबॉट्स फाईलची पद्धत २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात प्रमाण झाली, त्यातही साफ लिहिलंय की हे नियम म्हणजे कुलूप नव्हे. उलट ही फाईल कोणीही उघडून बघू शकतो. लपवायच्या फोल्डरचं नाव त्यात लिहिणं म्हणजे चोराला वाट दाखवणं.

बारीकसारीक : फोल्डरच्या किंवा पानाच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरलं जातं. सबडोमेनला (मुख्य पत्त्याच्या पोटातल्या उपपत्त्याला) स्वतःची फाईल लागते. बदल केल्यावर गूगल जुनी प्रत साधारण २४ तास वापरू शकतं, तेवढ्यात पुन्हा पुन्हा खाडाखोड करू नका. या फाईलमध्ये 'गूगल-एक्स्टेंडेड' या नावाला अडवलं म्हणून सर्चमधून पान जात नाही. ते गूगलच्या एआयसाठी मजकूर वापरण्यापुरतं आहे.

उलटा घोळही होतो. एका देवस्थानची साइट बनवताना वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना परावृत्त करणारी टिक लावली होती, ती काढायची राहिली. जत्रा झाली, पालखी देवळात परतली, तरी साइटचा गूगलवर पत्ता नाही.