मुलांचं पोट, दमा आणि वजन: सुरुवात ताटापासून

मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेला चोथा (अन्नातला तंतुमय भाग, म्हणजे फायबर) आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ही आम्लं आतड्याचं अस्तर टिकवतात आणि प्रतिकारशक्तीला उगाच भडकू देत नाहीत. कॅनडात 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पुढे दम्याचा धोका जास्त असलेल्या 3 महिन्यांच्या बाळांच्या शीमध्ये चार प्रकारचे जिवाणू कमी आढळले होते. म्हणजे पहिले काही महिने महत्त्वाचे. 6 महिने फक्त आईचं दूध द्या आणि साध्या विषाणूजन्य सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. डॉक्टरांनी गरज म्हणून दिलंच, तर मात्र मध्येच सोडू नका.

3 वर्षांपुढे सोपा हिशोब: वय अधिक 5, इतके ग्रॅम चोथा रोज. 5 वर्षांच्या मुलाला 10 ग्रॅम. 30 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे 3 ग्रॅम देते, 25 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ 4, अर्धा पेरू आणखी 4. झालं की!

चूक होते ती घाईची. एकदम उसळींचा मारा केला की पोट फुगतं, मूल ताट ढकलतं. दर 3-4 दिवसांनी एकच पदार्थ वाढवा, पाणीही वाढवा. दही घरचं, बिनसाखरेचं. साखर घातलेलं फ्लेवर्ड दही वजनाला उलटंच. महागड्या प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंच्या) पुड्यांनी दमा बरा होत नाही, आणि आहार सुधारला म्हणून इनहेलर स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे.