'आणि म्हणजे गुणाकार, किंवा म्हणजे बेरीज' : या एका वाक्यानं माझे सहा मार्क खाल्ले

ज्यांनी यंदा एफवायला स्टॅटिस्टिक्स घेतलंय त्यांच्यासाठी लिहितेय. सरासरी, मध्यक, फासे, पत्ते हे दहावीतच झालंय, ते परत सांगत बसत नाही. मी कोरेगावातनं रोज एसटीनं साताऱ्याला कॉलेजला जायचे, आणि दहावीला संभाव्यतेची गणितं पटापट सुटली होती म्हणून वाटलं होतं की हा विषय आपलाच. पहिल्याच सेमिस्टरला आपटले.

झालं काय, की अकरावी-बारावीला एका क्लासमध्ये शॉर्टकट शिकवला होता, 'आणि' दिसलं की गुणाकार, 'किंवा' दिसलं की बेरीज, डोकं लावायचं नाही. सीईटीला चाललं पण ते! म्हणूनच तर घात झाला. गुणाकार का चालतो, कधी चालतो, हे कुणी सांगितलं नाही आणि मीपण विचारलं नाही, मागच्या बाकावर बसून हसत होते. सेमिस्टरला प्रश्न आला, दोन घटना म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह आहेत (म्हणजे एकाच वेळी दोन्ही घडूच शकत नाहीत), तर त्या इंडिपेंडंट आहेत का, कारण द्या. मी ऐटीत लिहिलं की हो आहेत, कारण दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. सहापैकी शून्य. आणि खरं सांगते, निकाल लागल्यावरसुद्धा मला कळत नव्हतं की चुकलं काय. एका सीनियरला विचारलं तर म्हणाला 'व्याख्या पाठ कर.' असल्या सीनियरपासून लांब राहा. 'एखादं उदाहरण दे बघू' असं जो म्हणतो तोच कामाचा माणूस.

डोक्यात प्रकाश पडला तो घरी. आजी परातीत घेवडा निवडत बसलेली, आमच्याकडचा वाघ्या घेवडा, रेघारेघांचा, आणि त्यात पांढरा मिसळलेला. मी सहज विचारलं, आजी डोळे मिटून एक दाणा उचलला आणि तो वाघ्या निघाला, तर तो पांढरा असायची शक्यता किती? आजी म्हणाली, "वाघ्या हाय म्हणल्यावर पांढरा कसा आसंल? खुळी का काय तू?"

झालं की! दाणा वाघ्या आहे एवढं कळल्यावर पांढऱ्याबद्दल सगळंच कळलं, त्याची शक्यता थेट शून्यावर आली. म्हणजे या दोन घटनांचा संबंध नाही असं नाही, उलट इतका घट्ट संबंध दुसरा नसेल. इंडिपेंडंट म्हणजे एकीची बातमी कळली तरी दुसरीची शक्यता जिथल्या तिथं राहते.

आता आकडे घ्या, आणि प्लीज वहीत लिहून बघा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही. परातीत 100 दाणे, 60 वाघ्या, 40 पांढरे. एकूण 20 किडके, त्यातले 12 वाघ्यात आणि 8 पांढऱ्यात. वाघ्या आणि पांढरा एकाच वेळी? शून्य. पण शॉर्टकटनं 0.6 गुणिले 0.4 केलं तर 0.24 येतं, म्हणजे परातीत 24 दाणे असे पाहिजेत जे वाघ्यापण आहेत आणि पांढरेपण, मग शोधा बसून. आता वाघ्या आणि किडका बघा. 60 मध्ये 12 किडके म्हणजे 20 टक्के, आणि अख्ख्या परातीतपण 20 टक्केच. दाणा वाघ्या आहे हे कळून किडीबद्दल नवीन काहीच कळलं नाही. गुणाकारही जुळतो, 0.6 गुणिले 0.2 म्हणजे 0.12. या दोन घटना इंडिपेंडंट आहेत आणि एकत्र घडतातसुद्धा, 12 दाणे समोर पडलेत! 'किंवा'चंही तेच, वाघ्या किंवा किडका किती? 60 अधिक 20 बरोबर 80 लिहिलंत तर ते 12 दाणे दोनदा मोजलेत, उत्तर 68. आणि समजा कीड फक्त वाघ्यालाच लागली असती, वीसच्या वीस त्यातच, तर गुणाकारपण चालला नसता. गुणाकाराला इंडिपेंडंट लागतं, नुसत्या बेरजेला म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह लागतं, आणि आमच्या क्लासनं या दोन्ही अटी गिळून टाकल्या होत्या.

बाकीचं एवढं अवघड नाही, घाबरू नका. चारदा छापा पडला म्हणून पाचव्यांदा काटा पडायची शक्यता वाढत नाही, हे एकदा पटलं की पटलं. व्हेरियन्स (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) काढताना एननं भागायचं की एन वजा एकनं, हा गोंधळ सगळ्यांचाच होतो, दुसऱ्या सेमिस्टरला आपोआप सुटतो.

सॅम्पलिंग, म्हणजे थोडासा नमुना बघून अख्ख्याचा अंदाज बांधणं, मात्र बोअर म्हणून सोडू नका. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आपल्या साताऱ्याचे, बुध गावात 1911 ला जन्मलेले, पुढं एफएओपर्यंत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेपर्यंत गेले. त्यांनी दाखवलं की नमुन्याचं पीक कापून उत्पन्नाचा अंदाज काढायला शेतात अगदी छोटा तुकडा आखला तर उत्पन्न फुगून दिसतं, कारण कडेवरची रोपं 'ही आतलीच' म्हणून धरली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी कड जास्त. मी हे वाचून आमच्या रानात दोरी लावून बघितलं, पप्पा बांधावरनं ओरडत होते काय चाललंय म्हणून, पण दोरीवर आलेलं रोप आत धरायचा मोह खरंच होतो राव.

तो सहा मार्कांचा पेपर मी परत दिला. प्रश्न जवळपास तोच, फक्त या वेळी अशा घटना इंडिपेंडंट नसतात हे सिद्ध करा म्हणून. मी घेवड्यासकट सगळं लिहिलं, पाच मिळाले. एक कापला कारण दोन्ही घटनांची संभाव्यता शून्यापेक्षा जास्त आहे ही अट लिहायची राहिली. एकीची जरी शून्य असली तरी गुणाकार शून्य, एकत्र घडणंपण शून्य, म्हणजे तिथं म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह आणि इंडिपेंडंट या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या ठरतात. मॅडमनी बरोबरच कापला.