जलसंधारणाचा फायदा मोजताय? शेतावरच्या आकड्यांतल्या या चुका टाळा

राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेसारख्या कामांचा शेताला किती उपयोग झाला हे मोजायला निघालात, तर आधी पाऊस बघा. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पुरवावे लागले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात ओढे-नाले भरून वाहिले. आता मे 2016 आणि मे 2017 ची विहिरींची पातळी शेजारी-शेजारी मांडली, तर नाला खोलीकरणाचे कुठलेही काम यशस्वीच दिसणार. काम न झालेल्या गावातल्या विहिरींनाही तेव्हा पाणी आलेच होते. म्हणून तशीच जमीन, तसाच खडक असलेले पण काम न झालेले एखादे गाव नमुन्यात हवेच. 2018 साली राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. ते वर्ष अपवाद म्हणून गाळू नका. बंधाऱ्याचा कस लागतो तो अशाच वर्षी.

दुसरी चूक साधी आहे, पण अख्खा तक्ता बिघडवते. शेतकरी सांगतो, "एक एकर वीस गुंठे." भरणारा लिहितो 1.20. एकराचे गुंठे 40, म्हणजे खरे क्षेत्र दीड एकर. त्यात 12 क्विंटल सोयाबीन झाले असेल, तर एकरी उतारा 8 ऐवजी 10 निघतो. सातबाऱ्यावरचे 0.60 हेक्टर म्हणजे 60 आर, आणि 100 आरचा एक हेक्टर, म्हणून तिथे दशांश चालतो. गुंठ्यांना चालत नाही. एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत घ्या. तक्ता आधीच भरून आला असेल, तर दशांशानंतरचे आकडे चाळा. शेकडो नोंदींत 40 किंवा त्यापुढचा एकही आकडा नसेल, तर गुंठेच भरलेत असे धरा.

विहिरीचे पाणी मोटार चालू असताना मोजू नका. मोटार बंद होऊन किती तास झाले तेही लिहा. कुणी "तीन परस" (एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली) म्हणाले, तर तीन परस पाणी आहे की तीन परस खाली पाणी आहे, हे विचारा. खरे तर विहिरीत टेपच सोडून मोजा.

आणि शेततळे दिसले की लगेच संधारणाच्या रकान्यात खूण करू नका. तळाला प्लॅस्टिकचा कागद टाकलेली कितीतरी तळी बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीतले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे, त्यातले बरेच वाफ होऊन जाते. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: तळे कशाने भरले, आणि कुठल्या महिन्यात?