गल्लीतल्या रस्त्याचा हिशेब कसा मागावा: नागपूरकरांसाठी

रस्ता उखडला की फोटो काढून सोशल मीडियावर टाका, आयुक्तांना टॅग करा, हा सल्ला ऐकून मला आता वीट आला आहे. त्याने फार तर एक खड्डा बुजतो. रस्ता किती जाडीचा ठरला होता, बिल किती जाडीचं निघालं आणि दुरुस्ती कोणाच्या पैशाने व्हायची, हे फोटो सांगत नाही. ते कागदावर असतं, आणि माहिती अधिकारात कागद मागितला तर मिळतो.

आधी रस्ता कोणाचा ते काढा. नागपुरात मनपा आहे, नासुप्र म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास आहे, सार्वजनिक बांधकाम विभाग आहे, महामार्गवाले आहेत. चुकीच्या दारात अर्ज गेला तरी कायद्याने पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायला हवा, पण त्या भरवशावर राहू नका. कामाच्या जागेचा फलक वाचा. फलक नसेल तर तुमच्या झोन ऑफिसात विचारा. मनपाचे दहा झोन आहेत, आपला कोणता ते बहुतेकांना ठाऊक असतं.

मग जे उघड्यावरच आहे ते बघून घ्या: महाटेंडर्स या राज्य शासनाच्या निविदांच्या संकेतस्थळावरची निविदा, मनपाचा अर्थसंकल्प. एवढंच लक्षात ठेवा की अर्थसंकल्पातला आकडा ही तरतूद असते, खर्च नव्हे. तरतूद बघून ‘आमच्या रस्त्याचे पैसे खाल्ले’ म्हणत सुटणारे पुढे तोंडावर आपटतात.

अर्जाआधी एक सोमवार मोकळा ठेवा. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फाइली, पाहता येतात. निर्णयाची प्रत सोबत न्या, कारण टेबलावर ‘असं काही नसते भाऊ’ हे ऐकायला मिळण्याची शक्यता बरीच. एकट्याने जाऊ नका, लेआउटमधले दोघे-तिघे बरोबर घ्या. फाइल हाती आली तर कामाचं पूर्ण नाव, कार्यादेशाचा (वर्क ऑर्डरचा) क्रमांक आणि तारीख उतरवून आणा. हे तीन तपशील असले की पुढचा अर्ज टाळणं अवघड होतं.

आता अर्ज. माझं घोडं बराच काळ इथेच अडत होतं, म्हणून इथे थांबतो.

माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे आणि तो तुम्हाला कार्यालयात असलेला कागद देतो. कारण देत नाही, खुलासा देत नाही. ‘रस्ता सहा महिन्यांत का फुटला?’ असं लिहिलंत की ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर तयार असतं, आणि तुमचा महिना गेला. ‘प्रभागातील सर्व कामांची संपूर्ण माहिती द्यावी’ हा दुसरा आवडता प्रकार. त्यावर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’. म्हणून अर्जात ‘का’, ‘कसे’, ‘सर्व’ आणि ‘संपूर्ण’ हे शब्द दिसले की खोडा. राग, टोमणे, ‘भ्रष्ट कारभार’ हेही खोडा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. शिव्यांवर शब्द घालवणं परवडत नाही. माहिती कशासाठी हवी ते सांगायची गरज नाही. कोणी विचारलं तरी सांगू नका.

मागायचं ते असं, कामाचं नाव आणि कार्यादेश क्रमांक वर टाकून: मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची पाने, अदा केलेली देयके, काँक्रीटच्या गुणवत्ता चाचणीचे अहवाल, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोषदायित्व कालावधीची (काम बिघडलं तर कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीची) अट असलेले निविदेचे पान. शेवटी एक ओळ जोडा: ‘मूळ नस्तीची (फाइलची) व प्रत्यक्ष कामाची पाहणी करू द्यावी.’ कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं, दोन्ही कलम २(ञ) मध्ये आहे. नागपुरात हे मागणारा मला क्वचितच भेटतो.

या यादीतून एकच कागद मिळणार असेल तर मोजमाप पुस्तिका घ्या, म्हणजे कार्यालयातल्या बोलीत एमबी. बिल तिच्यावरून निघतं. अंदाजपत्रक हा बेत असतो. एमबीत अभियंत्याने सहीनिशी लिहिलेलं असतं की इतकं काम मी मोजलं.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, किंवा ऑनलाइन भरा. पोच घ्याच.

कागद आले की टेप घेऊन रस्त्यावर उतरा. समजा एमबीत २०० मीटर लांबी, ६ मीटर रुंदी, २० सेंटिमीटर जाडी आहे. म्हणजे २४० घनमीटर काँक्रीट. रुंदी साडेपाचच भरली तर २० घनमीटर कुठे गेलं, हा प्रश्न आता विचारायचा, पुस्तिकेच्या पानाच्या क्रमांकासह. जाडी कडेला दिसते, पेव्हिंग ब्लॉक बसायच्या आधी. चाचणी अहवालात काँक्रीटच्या २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आकडा आहे का बघा. सिमेंट रोड घराच्या जोत्यापेक्षा वर चढून पावसाचं पाणी अंगणात येत असेल, तर अंदाजपत्रकासोबतचे रस्त्याच्या पातळीचे नकाशेही मागा, पण वेगळ्या अर्जात.

तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा मोघम आलं, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. वीस रुपयांचा स्टॅम्प. चिडून नवा अर्ज करू नका, घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. दुसरं अपील नव्वद दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो. दिवसाला अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. माझ्या अनुभवात पहिल्या अपिलाची नोटीस निघाली की फाइल बरेचदा सापडते.

तफावत सापडली तर कार्यकारी अभियंत्याकडे लेखी तक्रार द्या आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनासाठीही अर्ज टाका. दोषदायित्व कालावधी संपायची तारीख मात्र आधी कॅलेंडरवर लिहा. त्या तारखेपर्यंत दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या पैशाने करायची असते आणि ती तारीख उलटली की त्याची सुरक्षा ठेव परत जाते. तक्रारीत सरळ मागणी करा: दुरुस्ती होईपर्यंत ठेव सोडू नये. प्रत लेखा विभागालाही द्या, ठेवीचा धनादेश तिथूनच निघतो.