मुंबईत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठी: घराजवळ वन्यप्राणी आल्यास काय करावे

सातारा, सांगली, कोकण किंवा विदर्भातून नोकरीनिमित्त येऊन मुलुंड, भांडुप, गोरेगाव, बोरिवली या बाजूला घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना बहुधा वाटते की, साप, माकडे आणि बिबट्या आपण गावाकडेच सोडून आलो. प्रत्यक्षात सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या शहराला खेटूनच आहे, आरेची हिरवाई त्याला लागून आहे, विक्रोळीच्या कांदळवनात कोल्हे राहतात आणि पवई तलावात मगरी आहेत. उद्यानाच्या कडेला अनेक वर्षे राहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की, प्राणी उचलून दुसरीकडे नेल्याने प्रश्न क्वचितच सुटतो. तो ज्या कारणाने येतो ते कारण दूर केले, तर तो बहुतेक वेळा आपण होऊन यायचा थांबतो.

बिबट्या दिसला की सोसायटीच्या सभेत पहिली मागणी पिंजऱ्याची होते. या मागणीला माझा विरोध आहे आणि त्यामागे अनुभवाइतकाच अभ्यासही आहे. जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, पकडलेले बिबटे जेथे नेऊन सोडले गेले, त्या परिसरात माणसांवरील हल्ले वाढले. शिवाय एक बिबट्या हलवला की त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा घेतो. बिबट्या वस्तीजवळ येतो तो मुख्यतः भटक्या कुत्र्यांसाठी आणि कुत्री जमतात ती उघड्या कचऱ्यासाठी. म्हणून सभेत पिंजऱ्याऐवजी झाकणाच्या कचरापेट्या, ओला कचरा रोज उचलण्याची व्यवस्था आणि मागच्या भिंतीलगत चांगले दिवे मागावेत. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे बाहेर सोडू नये. समोर बिबट्या आलाच, तर पळू नये, खाली बसू नये, मुलाला उचलून घ्यावे आणि बिबट्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. मोबाइल घेऊन मागे धावणाऱ्या गर्दीमुळे घाबरलेला बिबट्याच अधिक धोकादायक ठरतो.

सापाच्या बाबतीत गावाकडची काठी येथे तर नकोच, आणि खरे म्हणजे गावातही नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार सापांना संरक्षण आहे. पावसाळ्यात तळमजल्यावर दिसणारे अनेक साप धामण, दिवड किंवा कवड्या असतात, म्हणजे बिनविषारी असतात. परंतु कवड्या आणि अत्यंत विषारी मण्यार यांत जाणकार नसलेल्याची सहज गल्लत होते, म्हणून ओळख पटवण्याच्या भरीस पडू नये. मुलांना व पाळीव प्राण्यांना बाहेर काढावे, खोलीचे दार लावून फटीत कापड घालावे आणि सुरक्षित अंतरावरून जमल्यास लक्ष ठेवून वन विभागाला किंवा वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवावे. फिनाइल किंवा रॉकेल ओतू नये, कारण त्याने साप होरपळतो आणि बिथरून कोठेही शिरतो. दंश झालाच, तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता थेट मोठ्या रुग्णालयात जावे. साप येतो तो उंदीर-घुशींच्या मागे, त्यामुळे गटारांच्या जाळ्या दुरुस्त करणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे. उंदरांसाठी चिकट गोंदाचे सापळे मात्र वापरू नयेत. त्यात प्राणी तासन्‌तास तडफडतो आणि कधी कधी पाल, चिमणी किंवा सापही अडकतो.

जुन्या बंगल्यात किंवा वरच्या मजल्यावर रात्री छतावरून धावण्याचा आवाज आला, तर ते बहुधा उदमांजर असते. ते निशाचर असल्याने अंधार पडल्यावर बाहेर पडते. त्याची ये-जा असलेल्या भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवावा. दोन-तीन रात्री बोळा जागचा हलला नाही आणि आत पिल्लांचा आवाज नाही याची खात्री झाली, तरच तेथे जाळी ठोकावी. घाईने भोक बुजवल्यास पिल्ले आत उपाशी मरतात आणि त्यांची आई छत उचकटू लागते. हीच दक्षता गॅलरीला कबुतरांसाठी जाळी बसवतानाही घ्यावी: आधी अंडी व पिल्ले पाहावीत, पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे आणि जाळी ताणून बसवावी, कारण सैल जाळीत घारी आणि घुबडे अडकून जखमी होतात.

माकडांना खाऊ घालणे पुण्याचे वाटत असले, तरी कृपया घालू नये. हातातून खाण्याची सवय लागलेले माकड पुढे हातातली पिशवी ओढते. माकड, कोल्हा किंवा कुत्रा यांनी चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आणि अग्निशमन दलाचा 101 घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा. फोन करताना प्राणी कोठे आहे, जखमी आहे का, बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे का आणि भोवती गर्दी किती आहे, एवढे स्पष्ट सांगावे, आणि पथक येईपर्यंत वॉचमनला सांगून लोकांना दूर ठेवावे.