फरक शिकवताना बक्षिसाला उशीर? या चुका टाळा

एक काळा पुठ्ठा, एक पांढरा. कुत्र्यानं पांढऱ्याला नाक लावलं की खाऊ. पंधरा दिवस झाले तरी दहातले पाचच बरोबर, आणि आपण खुशाल म्हणतो, "याच्या डोक्यातच शिरत नाही."

आधी मोबाइलवर एक फेरी चित्रित करून बघा. नाक लागलं, तुमचा हात खिशात गेला, पिशवीची गाठ सुटेना, चार सेकंद गेले. तोवर कुत्रा पुठ्ठा सोडून तुमच्या खिशाकडे टक लावून बसलेला. खाऊ पदरात पडला तो खिशाकडे बघण्याबद्दल!

चार सेकंद म्हणजे किरकोळ, असं समजणं हीच मोठी चूक. मानसशास्त्रज्ञ ग्राइस यांनी १९४८ साली पांढऱ्या उंदरांना काळ्या-पांढऱ्यातला फरक शिकवताना निवड आणि अन्न यांत शून्यापासून १० सेकंदांपर्यंत अंतर ठेवलं. अर्ध्या सेकंदाच्या उशिरानंही शिकणं रेंगाळलं, आणि १० सेकंदांच्या गटातले काही उंदीर हजारावर प्रयत्नांनंतरही शिकले नाहीत.

मग आधीच्या काही प्रयोगांत उंदीर मिनिटं-मिनिटं थांबूनही कसे शिकले? गोम थांबण्याच्या जागेत होती. उजवीकडची खोली वेगळी, डावीकडची वेगळी. त्यामुळे 'या खोलीत आलो म्हणजे अन्न येणार' ही खूण उंदराला लगेच मिळायची. ग्राइस यांनी दोन्ही वाटा एकाच करड्या खोलीतून नेल्या आणि ती खूण काढून टाकली. तुम्ही प्रयोग करत असाल तर अशी नकळत राहिलेली खूण निकाल फुगवते. नुसतं शिकवायचं असेल तर मात्र तीच कामाला लावा: नाक लागताक्षणी क्लिकर (दाबला की 'टक्' वाजणारं छोटं खेळणं), खाऊ मागाहून. फक्त क्लिकनंतर खाऊ चुकवू नका, नाहीतर तो आवाज पोकळ होतो.

चवीचं उदाहरण इथे लावू नका. एखादी चव घेतल्यावर काही तासांनी मळमळलं तरी उंदीर ती चव टाळतो, हे खरं. पण ते शिकणं वेगळ्या जातीचं आहे, पुठ्ठ्यांना ती सवलत नाही.

आणि जनावर सारखं डावीकडेच जात असेल तर रागावू नका. खूण हाती लागत नसली की ते एक बाजू धरून बसतं. निम्म्या वेळा खाऊ मिळतोच की! पुठ्ठ्यांच्या जागा अदलाबदल करत राहा, खाऊ आधीच मुठीत घ्या आणि मूठ पाठीमागे ठेवा.